चहाने काळे होते का? सोसायटीच्या गटात सौंदर्याविषयीच्या समजुतींवर चर्चा कशी घडवावी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत महिला मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यात सव्वाशेच्या आसपास सभासद आहेत, पण कित्येक महिने सकाळची फुले, टाकी धुण्याची सूचना आणि लिफ्ट बंद असल्याची तक्रार यांपलीकडे तिथे काही होत नसे. मे महिन्यातल्या एका दुपारी मी सहज विचारले, "चहा प्यायलीस तर काळी होशील, असे लहानपणी तुम्हाला कोणी सांगितले होते?" रात्रीपर्यंत सत्तरहून अधिक उत्तरे आली. कोणाला आजीने सांगितले होते, कोणाला आत्याने. एकीने लिहिले की त्यांच्या घरी दूध बेताचेच असे, ते मुलांच्या वाट्याला चहात जाऊ नये म्हणून ही भीती घातली जात असावी. ज्या बायका गटात दोन वर्षे केवळ वाचत होत्या, त्यांनीही त्या दिवशी लिहिले. त्यानंतर हा प्रयोग मी सातत्याने करत आले आणि तो करताना ज्या चुका झाल्या, त्यांतूनच पुढील पद्धत तयार झाली.

सर्वांत आधी प्रश्नाची भाषा ठरवावी. "हे खरे की खोटे?" असे विचारले की परीक्षेचे वातावरण तयार होते. ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्या दोघी-तिघी पुढे येतात आणि बाकीच्या आपले अज्ञान उघडे पडेल म्हणून गप्प बसतात. "हे तुम्हाला कोणी सांगितले?" किंवा "तुमच्या घरी यासाठी काय लावत असत?" असे विचारले, तर उत्तर प्रत्येकीकडे असते आणि कोणाचेच चुकत नाही. सौंदर्याविषयीच्या समजुती चर्चेला इतक्या सोयीच्या आहेत त्या याच कारणामुळे. राजकारण किंवा देखभाल खर्चाविषयी बोलताना माणसे बाजू घेतात, पण उटण्याविषयी बोलताना ती आपापल्या माहेरी जातात.

विषय निवडताना निरुपद्रवी समजुतीपासून सुरुवात करावी. एक पांढरा केस उपटला की त्या जागी सात येतात, ही समजूत त्यासाठी उत्तम आहे. केसाच्या एका मुळातून दुसऱ्या मुळांना काही निरोप जात नसतो. ज्या मुळातील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी थकल्या, त्यातून पांढरा केस येतो, आणि तो उपटला तरी तिथे पुन्हा पांढराच येतो. शेजारचे केस त्याच सुमारास पांढरे होत असल्यामुळे उपटण्याचा आणि त्यांचा संबंध आपण जोडतो. हे सांगितल्यावर सगळ्या हसतात, कोणी दुखावत नाही आणि पुढच्या, जरा अवघड विषयांसाठी वातावरण तयार होते.

त्यानंतर मुंबईच्याच समजुती घ्याव्यात. इथे राहायला आलेली प्रत्येक सून किंवा नोकरदार मुलगी केव्हातरी म्हणतेच की "मुंबईच्या पाण्याने माझे केस गेले." पालिकेचे पाणी तानसा, भातसा, मोडक सागर, वैतरणा, विहार आणि तुळशी या तलावांतून येते. ते पावसाचे साठवलेले पाणी असल्याने बहुतांशी मऊच असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी जड असू शकते आणि त्याने केस राठ होतात, पण मुळापासून केस गळण्याची कारणे बहुधा वेगळी असतात. डेंग्यूसारखा मोठा ताप, बाळंतपण किंवा झपाट्याने कमी केलेले वजन यांनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळू लागतात. मधल्या काळात आपण तो ताप विसरून गेलेलो असतो आणि दोष नळाला देतो. आमच्या गटात हा विषय मी नोव्हेंबरमध्ये काढला होता. पावसाळ्यात घरात कोण तापाने आजारी होते, एवढेच विचारले आणि अनेकींनी आपापला हिशोब आपणच मांडला.

काही समजुतींत अर्धे सत्य असते. चर्चा सगळ्यांत रंगते तीही अशाच ठिकाणी, म्हणून त्या हातच्या घालवू नयेत. खोबरेल तेलाने केस वाढतात असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. वाढीचा वेग तेलाने बदलत नाही, तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर इतकाच राहतो. परंतु २००३ साली मुंबईच्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवले की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. केस कमी तुटतात, म्हणून ते लांब राहतात. हे सांगताना ती कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हेही न विसरता सांगावे. एका काकूंनी त्यावर लगेच लिहिले, "म्हणजे आमच्या सासूबाई अगदीच चूक नव्हत्या." अशा उत्तरासाठी जागा ठेवली नाही, तर गट आपोआप जुन्या बायका आणि नव्या मुली अशा दोन फळ्यांत विभागला जातो.

आता उत्तर कसे द्यावे, याविषयी. इथे मी एक मोठी चूक केली होती. "लिंबू आणि खाण्याचा सोडा लावल्याने चेहरा उजळतो का?" असा प्रश्न मोठ्या अक्षरांत, पिवळ्याधमक लिंबाच्या चित्रासह तयार करून मी गटात टाकला आणि उत्तर दुसऱ्या दिवशी देईन असे सांगितले. रात्रीतून ते चित्र आणखी चार गटांत पोचले. प्रश्नचिन्हाकडे कोणी पाहिले नाही आणि दोन दिवसांनी माझ्याच मावसबहिणीने डोंबिवलीहून तेच चित्र मला "उपयोगी माहिती" म्हणून पाठवले. वाक्य वारंवार कानावर पडले की ते खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगाने दाखवले होते, आणि मी तर ते वाक्य चित्रासकट वाटले होते. तेव्हापासून तीन पथ्ये मी पाळते. समजुतीचे चित्र कधीही तयार करायचे नाही. प्रश्न साध्या मजकुरात आणि आठवणीच्या रूपात विचारायचा. उत्तर देताना पहिले वाक्य खऱ्या गोष्टीचे ठेवून चुकीची समजूत नंतर एकदाच उच्चारायची. चित्र करायचेच असेल, तर ते उत्तराचे करावे, म्हणजे ते कुठेही गेले तरी बिघडत नाही. उत्तर त्याच दिवशी, शक्यतो रात्री जेवणे आटोपल्यावर द्यावे, कारण दुसऱ्या दिवशीपर्यंत गट पाण्याच्या वेळेकडे वळलेला असतो.

लिहिलेल्या उत्तरापेक्षा दाखवलेले उत्तर अधिक टिकते, म्हणून वर्षातून दोन-तीनदा प्रत्यक्ष भेटावे. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू यासाठी सर्वांत योग्य, कारण त्या दिवशी सगळ्या येतात आणि प्रयोगाचे साहित्यही हळदच असते. चहाचा चमचाभर हळद थोड्या हँड सॅनिटायझरमध्ये कालवावी, वरचे पिवळे पाणी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर ब्रशने लावावे आणि पट्ट्या पंख्याखाली वाळू द्याव्यात. मग प्रत्येकीने आपल्या घरचा अंघोळीचा साबण आणावा आणि ओल्या साबणावरून फिरवलेले बोट पट्टीवर टेकवावे. पिवळी पट्टी बोटाखाली विटकरी लाल होते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्यातही हेच घडते, हे मात्र त्या क्षणी उमगते. हळद अल्कधर्मी पदार्थाने लाल होते. साबण तसा आहे आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी आहे. साबणाने धुतल्यावर चेहरा करकरीत ताणला गेला म्हणजे तो स्वच्छ झाला, असे जे आपण समजतो, ते त्वचेवरचे रक्षक तेल निघून गेल्याचे लक्षण असते. काही सौम्य फेसवॉश लावून पाहावेत, पट्टी पिवळीच राहते. मग लाल डागावर लिंबाचा थेंब टाकावा, तो पुन्हा पिवळा होतो. इथे न विचारता लिंबाचा विषय निघतो. लिंबाचा रस त्वचेपेक्षा कैकपटींनी अधिक आम्ल असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्यातील काही द्रव्यांमुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन असे काळपट डाग पडू शकतात, जे महिनोन्‌महिने जात नाहीत, हे सांगायला याहून चांगली वेळ मिळत नाही.

त्याच बैठकीत खराट्याचा एक हीरही जवळ ठेवावा. वस्तरा फिरवल्याने केस दाट आणि राठ येतात, ही समजूत तरुण मुलींच्या मनात पक्की असते. हिराचे निमुळते टोक तळहातावर टेकवायला सांगावे, ते वाकते. मग तोच हीर मधोमध कापून कापलेली बाजू टेकवावी, ती टोचते. हीर जाड झालेला नसतो, फक्त निमुळते टोक गेलेले असते. केसाचेही तेच होते, आणि १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून वस्तऱ्याने वाढीत काही फरक पडत नाही असे दाखवले होते. आमच्याकडे हा हीर हातोहात फिरला आणि शेवटी कोणाच्या तरी पर्समध्ये गेला.

हळदीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच की अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले होते, म्हणजे हळदीने उजळपणा येत असणारच. त्यावर वाद न घालता प्रसंग नीट सांगावा. ते पेटंट १९९५ साली जखम भरून आणण्याच्या गुणासाठी दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, हे ज्ञान आपल्याकडे जुनेच आहे, असे पुराव्यांनिशी मांडले आणि १९९७ साली ते रद्द झाले. गोरेपणाचा त्यात संबंधच नव्हता. अभिमानाची गोष्ट काढून न घेता तिच्यावर चढलेले पुट तेवढे उतरवता येते.

गोरेपणाचा विषय स्वतंत्र ठेवावा आणि गट चांगला रुळल्याशिवाय काढू नये. इथे समजूत एखाद्या पदार्थाविषयी नसते, समोर बसलेल्या बाईविषयी असते. तिला स्थळे का नाकारली गेली, हे तिला आठवत असते. जी जाहिरात आपण लहानपणी टीव्हीवर पाहिली, त्या क्रीमचे १९७५ पासूनचे "फेअर अँड लव्हली" हे नाव २०२० साली "ग्लो अँड लव्हली" झाले. हा बदल सांगून "तुमच्या घरी ही ट्यूब कोण आणत असे?" इतकेच विचारावे आणि नंतर स्वतः गप्प राहावे. उत्तरे सावकाश येतात, काही खासगीत येतात. ती खासगीतच ठेवावीत.

या विषयात दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नयेत. पहिली गरोदरपणाची. केशर घातलेल्या दुधाने गोरे बाळ होते, ही समजूत खिशाला चाट लावते, बाकी तिचा त्रास नाही. पण लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते असे मानून गोळ्या न घेणाऱ्या बायका आजही आहेत. या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, म्हणून ही भीती पसरली असावी. सरकारी कार्यक्रमानुसार गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी द्यायची असते. बाळाचा रंग आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. गोळ्या चुकवल्या तर आईला रक्तक्षय होऊ शकतो. इथेच चहा परत आणावा. चहाने कोणी काळे होत नाही, परंतु गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने लोह अंगी कमी लागते. म्हणून दोहोंत किमान तासाभराचे अंतर ठेवावे आणि गोळीसोबत लिंबूसरबत घ्यावे. लिंबू चेहऱ्यावरून काढून ग्लासात घातले की आमच्याकडच्या बायकांना ते चटकन पटले.

दुसरी गोष्ट क्रीमची. "पार्लरवालीने दिलेली ट्यूब, तीन आठवड्यांत फरक" असे कोणी सांगू लागली, तर गटात टीका न करता ट्यूबची मागची बाजू वाचायला सांगावी. बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी नाव दिसले, तर ते स्टिरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, मुरमे आणि लव वाढते. अशी क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर २०१८ पासून निर्बंध कडक झाले, तरी ती मिळतात. बराच काळ वापरलेली क्रीम एकाएकी बंद केली, तर चेहरा भडकतो, म्हणून "आजच फेकून दे" असा सल्ला गटात देऊ नये. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. केईएम, शीव किंवा नायर या पालिका रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत त्वचेची तपासणी होते. घटकद्रव्यांची यादीच नसलेल्या, परदेशातून आलेल्या डब्यांत पारा असू शकतो आणि त्याने मूत्रपिंड बिघडते. ही गोष्ट सरळ, थेट शब्दांत सांगावी.

चेहऱ्याचे फोटो गटात टाकून निदान मागण्यास पहिल्याच दिवशी मनाई करावी. तिथे बारा जणी बारा लेप सुचवतात आणि फोटो पुढे कुठे जातो याचा पत्ता लागत नाही. विक्रीचा नियमही आधीच ठरवावा. चर्चा रंगू लागली की कोणीतरी घरगुती साबण, कोणाची तरी जाऊ केसांचे तेल घेऊन येतेच. आम्ही महिन्याचा शेवटचा रविवार विक्रीसाठी मोकळा ठेवला आहे. त्या दिवशी साबण आणणाऱ्या वहिनींना हळदीची पट्टी सोबत आणावी लागते.