आयपी डेस्क फोन बसवताना: वायरपासून आवाजापर्यंत

स्क्रीनवर एक्स्टेंशन नंबर उमटला की फोन लागला, असं धरून मंडळी जागेवरून उठतात. मग तक्रार येते: रिंग वाजते, पण समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आयपी फोनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनमध्ये, कॉल जोडण्याचे निरोप एका वाटेने जातात आणि आवाज दुसऱ्या वाटेने. पहिली वाट मोकळी आहे म्हणून दुसरीही असेलच असं नाही.

जागेवर जाण्याआधी पीबीएक्स (ऑफिसचे कॉल जोडणारा सर्व्हर) सांभाळणाऱ्याकडून एवढं लिहून घ्या: एक्स्टेंशन नंबर, ऑथेंटिकेशन आयडी, पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, यूडीपी की टीएलएस (निरोप साधे जाणार की कुलूपबंद), आणि व्हॉइस व्हीलॅनचा (त्याच वायरवर फोनसाठी वेगळं केलेलं नेटवर्क) नंबर. ऑथेंटिकेशन आयडी बहुतेकदा एक्स्टेंशन नंबरच असतो, पण सगळ्या सिस्टिममध्ये नाही. अंदाजाने भरू नका.

फोनच्या मागे दोन नेटवर्क पोर्ट असतात. एकावर लॅन, इंटरनेट किंवा एसडब्ल्यू लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर पीसी. भिंतीतली वायर पहिल्यात, कॉम्प्युटरची दुसऱ्यात. उलटं लावलं तर पीओईची, म्हणजे नेटवर्कच्या वायरमधूनच येणारी, वीज फोनला मिळत नाही. दोन्ही पोर्ट भिंतीला जोडणं त्याहून वाईट: लूप तयार होतो, आणि स्विचवर स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून तोडणारी सोय) बंद असेल तर अख्ख्या मजल्याचं नेटवर्क ठप्प होऊ शकतं. जुन्या फोनचा पीसी पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. फोन बसवल्यापासून कॉम्प्युटर संथ झाला, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं.

८०२.३एएफ पीओईमध्ये स्विचचा पोर्ट जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, फोनपर्यंत १२.९५ वॅट पोचण्याची हमी असते. साध्या डेस्क फोनला ते भरपूर झालं. अडतं ते स्विचच्या एकूण वॅटच्या मर्यादेवर. सगळे फोन नीट आणि शेवटचे दोन-तीन बंद, असं दिसलं की आधी तिथे बघा. पीओई नसेल तर त्याच मॉडेलचा अडॅप्टर हवा. काही फोन ५ व्होल्टवर चालतात, काही ४८ वर. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेल असं नाही.

फोन चालू झाला की मेनूत स्टेटस उघडून आयपी पत्ता बघा. ०.०.०.० किंवा १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीचं (फोनला आयपी पत्ता वाटणारी सेवा) उत्तर आलेलं नाही. पासवर्डशी झटापट करण्यात अर्थ नाही. वेगळा व्हॉइस व्हीलॅन असेल तर स्विचच्या त्या पोर्टवर तो टॅग्ड (व्हीलॅनच्या नंबराची खूण लावलेला) आणि कॉम्प्युटरचा अनटॅग्ड (खुणेविना) ठेवा. स्विचवर एलएलडीपी (स्विच आपली माहिती फोनला कळवतो ती सोय) चालू असेल तर व्हीलॅनचा नंबर फोन स्वतःच उचलतो. हाताने चुकीचा नंबर टाकला तर फोनचं वेब पेज उघडेनासं होतं आणि फोनच्या बटणांवरूनच दुरुस्ती करावी लागते.

आता तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका, अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड लगेच बदला आणि अकाउंटच्या पानावर तपशील भरा. एसआयपीचा (कॉल जोडण्याचे निरोप ज्या पद्धतीने जातात ती) नेहमीचा पोर्ट ५०६०, टीएलएसचा ५०६१. लॉगमध्ये पहिल्यांदा ४०१ दिसलं तर घाबरू नका. सर्व्हर ओळख विचारतो, तो हा निरोप. ४०१ येतच राहिलं किंवा ४०३ आलं तर बहुधा आयडी वा पासवर्ड चुकला आहे. ४०८ म्हणजे उत्तरच नाही, तेव्हा पत्ता, पोर्ट आणि फायरवॉल तपासा. चुकीचा पासवर्ड सारखा मारत राहू नका. सर्व्हरवरचा फेलटूबॅनसारखा पहारेकरी प्रोग्रॅम तुमचा आयपी अडवतो, आणि क्लाउड पीबीएक्स असेल तर एकाच पब्लिक आयपीमागचे ऑफिसचे सगळे फोन एकदम गप्प होतात. टीएलएस अडलं तर फोनचं घड्याळ बघा. तारीख चुकीची असली की सर्टिफिकेट नाकारलं जातं.

वापरलेला फोन असेल तर आधी फॅक्टरी रीसेट करा. नाहीतर रीस्टार्टनंतर तो जुन्या प्रोव्हिजनिंग सर्व्हरकडे (फोनला सेटिंग पुरवणारा सर्व्हर) जाऊन तुमची सेटिंग पुसू शकतो.

राहिला आवाज. सुरुवातीला जी.७११ कोडेक (आवाज डेटात बदलण्याची पद्धत) ठेवा. इथरनेटवर एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. पीबीएक्सवर इको टेस्ट असेल (फ्रीपीबीएक्स या सॉफ्टवेअरमध्ये सहसा *४३), तर आपलाच आवाज परत येतो का ते ऐका. मग बाहेरचा एक कॉल करा आणि एक घ्या, आणि निदान मिनिटभर बोला. मिनिटभर अशासाठी की कॉल बरोबर ३२व्या सेकंदाला तुटला तर एसीकेचा निरोप (कॉल उचलल्याची पोचपावती) पलीकडे पोचत नाही, असं समजावं. एकाच बाजूचा आवाज येत असेल तर दोष बहुधा नॅटचा (राउटर आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलतो, तो). राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपीच्या निरोपांत फेरफार करणारी सोय) बंद करा आणि आवाजाचे यूडीपी पोर्ट मोकळे आहेत का ते बघा. अ‍ॅस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये ते सहसा १०००० ते २०००० असतात. बँकेच्या मेनूत "१ दाबा" म्हटल्यावर दाबूनही काही होत नसेल तर डीटीएमएफची (दाबलेली बटणं पलीकडे कळवण्याची) सेटिंग आरएफसी २८३३वर ठेवा, फोनमध्येही आणि पीबीएक्समध्येही.

हँडसेटमधून काहीच ऐकू येत नाही पण स्पीकर चालतो? गुंडाळीची वायर हेडसेटच्या भोकात गेली आहे का ते आधी बघा.