कृमीच्या चेतापेशींचे सुपर-रिझोल्यूशन फोटो: या चुका टाळा

अ‍ॅक्सॉनवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) समान अंतराने सुबक पट्टे दिसले, की पोरं लगेच फोटो ग्रुपवर टाकतात. पट्टे कृमीचे की यंत्राचे, हे विचारायला मात्र कोणालाच सवड नसते. सी. एलिगन्स या प्रयोगशाळेतल्या इवल्या कृमीवर काम करणाऱ्या नवख्यांची ही पहिल्या नंबरची चूक आहे, म्हणून आधी तिच्यावरच बोलू.

सिम (स्ट्रक्चर्ड इल्युमिनेशन मायक्रोस्कोपी) ही सुपर-रिझोल्यूशनची, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकापेक्षा बारीक तपशील दाखवणारी पद्धत. तिच्यात नमुन्यावर साधा प्रकाश पडत नाही, बारीक पट्ट्यांचा पडतो. ३ कोन आणि प्रत्येक कोनात पट्ट्यांच्या ५ जागा, असे एका प्रतलाचे १५ कच्चे फोटो निघतात. त्यांतून संगणक एक बारीक चित्र जुळवतो. ४८८ नॅनोमीटरचा लेझर आणि १.४ एनएचं (एनए म्हणजे प्रकाश गोळा करायच्या ताकदीचं माप) ऑब्जेक्टिव्ह भिंग असेल, तर या प्रकाशपट्ट्यांमधलं अंतर साधारण २०० नॅनोमीटरच्या घरात येतं. आता गंमत बघा. अ‍ॅक्सॉनच्या आत अ‍ॅक्टिन आणि स्पेक्ट्रिन या प्रथिनांची जी कडी २०१३ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञ शाओवेई झुआंग यांच्या गटानं दाखवली, त्यांच्यातलं अंतर आहे सुमारे १९० नॅनोमीटर. खरी रचना आणि यंत्राचा दोष एकाच मापाचे. फसायला आणखी काय लागतं?

मराठवाड्यातल्याच एका विद्यार्थ्याचं असंच झालं. शेपटाकडच्या, स्पर्श ओळखणाऱ्या पीएलएम चेतापेशीत स्पेक्ट्रिनला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेले कृमी, पट्टे देखणे, दोन महिन्यांची मोजमापं, पोस्टरसुद्धा छापून तयार. एकानं सहज विचारलं, नुसत्या जीएफपीचा कृमी दाखव. नुसतं जीएफपी पेशीरसात मोकळं फिरतं, त्याला कडी असायचं कारणच नाही. त्यातही तेच पट्टे, तेच अंतर! झूम करून पाहिलं तर कृमीच्या बाहेर, रिकाम्या पार्श्वभूमीवरही तीच जाळी पुसट दिसत होती. कृमी नीट बधिर झाला नव्हता, १५ फोटोंच्या दरम्यान जरासा थरथरत होता. ती थरथर संगणकानं पट्ट्यांत बदलून दिली. पोस्टर गेलं रद्दीत.

म्हणून नुसत्या जीएफपीचे कृमी पहिल्याच दिवशी स्लाइडवर हवेत, शेवटच्या आठवड्यात नाही. दुसरं, मुद्दाम वळलेला अ‍ॅक्सॉन शोधा. खरी कडी अ‍ॅक्सॉनला आडवी असतात आणि वळणाबरोबर वळतात. खोटे पट्टे वळणाची पर्वा न करता एकाच दिशेनं जातात. शंका उरली तर स्लाइड ९० अंशांत फिरवून पुन्हा फोटो घ्या. तिसरं, कच्चा डेटा इमेजजे या सॉफ्टवेअरमधल्या सिमचेक या तपासणीच्या साधनातून काढा. तिथं मॉड्युलेशन (कच्च्या फोटोतल्या प्रकाशपट्ट्यांचा ठळकपणा) कमी दिसलं, तर वीनर फिल्टर (गोंगाट दाबणारी गाळणी) खाली ओढून चित्र बळंच धारदार करू नका. त्यानं फक्त मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी वाढते. स्लायडर ओढून मिळवलेली तीक्ष्णता मी मोजमापात धरत नाही.

थरथर थांबवायची तर ती कृमीखालच्या अगारोज जेलच्या पॅडवर थांबते, सॉफ्टवेअरमध्ये नाही. हिशोब करा: ३ मायक्रॉन जाडी, ०.१२५ मायक्रॉनची पायरी, म्हणजे २५ प्रतलं आणि ३७५ एक्स्पोजर. एवढा वेळ कृमी दगडासारखा पडून राहायला हवा. २ टक्क्यांच्या मऊ पॅडवर ते होत नाही. एम-९ या कृमीच्या क्षार-द्रावणात १० टक्के अगारोज उकळा, टेपचे दोन थर लावलेल्या दोन स्लाइडांच्या मधे एक साधी स्लाइड ठेवून तिच्यावर थेंब टाका आणि वरून दुसरी स्लाइड दाबा. पॅडवर ०.१ मायक्रॉनच्या पॉलिस्टायरीन मण्यांचा १ ते २ मायक्रोलिटर थेंब टाका, त्यात ८ ते १० कृमी सोडा आणि कव्हरस्लिप एकदाच ठेवा. ठेवल्यावर सरकवायची नाही, सरकली की कृमी पिळवटतात. बधिर करायला लेव्हामिसोल १ ते ५ मिलिमोलर. ते अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहकांवर चालतं, तेव्हा चेता-स्नायू जोड अभ्यासत असाल तर ते वापरू नका, नुसत्या मण्यांवर भागवा. सोडियम अ‍ॅझाइड सोपं पडतं, पण ते मायटोकॉन्ड्रियाचा श्वास कोंडतं. अ‍ॅक्सॉनमधली वाहतूक पाहणाऱ्यानं ते हातातही घेऊ नये. आणि उरलेलं अ‍ॅझाइड बेसिनमध्ये ओतू नका, तांब्या-शिशाच्या नळात त्याचे स्फोटक क्षार बनतात.

दुसरी लाडकी चूक पाण्याची, आणि ती खास आपल्याकडची. एक्स्पान्शन मायक्रोस्कोपीत नमुना जेलमध्ये बसवतात आणि जेल पाण्यात फुगवतात. साध्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर सुपर-रिझोल्यूशन मिळतं, म्हणून छोट्या कॉलेजांना हा मार्ग परवडतो. हे जेल सोडियम अ‍ॅक्रिलेटचं, पिकाच्या मुळाशी ओल धरायला घालतात त्या हायड्रोजेलच्याच कुळातलं. त्याचं फुगणं त्याच्या ऋणभारांवर चालतं. पाण्यात कॅल्शियम असलं की ते भार बांधले जातात आणि जेल आखडतं. आपल्या बोअरच्या पाण्याचं जडपण वेगळं सांगायला नको, बादलीला पांढरा थर बसतोच. पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीआयोनायझरचं कार्ट्रिज संपलेलं असतं, पण भांड्यावर ‘डीआय’ची चिठ्ठी असते, म्हणून सगळे निर्धास्त. मग ४ पट फुगायचं जेल अडीच पटीवर थांबतं, आणि लिहिताना मात्र आकडे ४ नं भागले जातात!

उपाय क्षुल्लक आहे. पाणी वापरण्याआधी वाहकता मोजा. फुगवताना दर २० मिनिटांनी पाणी बदला, किमान ३ वेळा. जेलखाली आलेखाचा कागद ठेवून आधीची आणि नंतरची लांबी मोजा आणि तोच गुणक वापरा, छापील नाही. अख्ख्या कृमीत आणखी एक घोळ असतो. जेल फुगलं तरी क्यूटिकल (बाहेरची कातडी) कोलॅजेनचं, ते सुटत नाही. कातडीत अडकलेला कृमी मग मधेच फाटतो. प्रोटिनेज या विकरानं प्रथिनं पचवण्याच्या पायरीत घाई केली की हेच होणार. उतावळ्या नवऱ्यानं गुडघ्याला बाशिंग बांधून घ्यावं, पण प्रोटिनेजची वेळ तोडू नये.

नांदेड-लातूरहून पुण्याला फोटो काढायला जाणाऱ्यांनी कृमींच्या प्लेटा बॅगेत टाकून नेऊ नयेत. कृमी २० अंशांचा प्राणी, २५ च्या वर बिथरतो, आणि मे महिन्यात एसटीच्या डब्यात काय तापतं ते सांगायला नको. संध्याकाळी एल-४ (प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या) वेचा आणि प्लेटा पॅराफिल्मनं बंद करून उलट्या ठेवा. थर्मोकोलच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जेल-पिशवी ठेवा, प्लेटांना ती चिकटता कामा नये. मग रात्रीची गाडी धरा. खोकं २० अंशांच्या आसपास राहिलं, तर सकाळी तरुण प्रौढ मिळतात, वेळ फुकट जात नाही. आत एक तापमापक ठेवाच. तुलनेचे कृमी त्याच खोक्यातून न्या. वेगळ्या पिशवीतून गेलेले कंट्रोल कंट्रोल नसतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कव्हरस्लिप नंबर १.५, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणून १ नंबरची देतो, ती घेऊ नका.

लेन्सच्या तेलावर लिहिलेला १.५१८ हा आकडा म्हणजे त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप), आणि तो २३ अंशांचा असतो. खोली १० अंशांनी तापली की तो सुमारे ०.००४ नं उतरतो. बाटली एसीच्या खोलीतच ठेवा.

काच आणि तेल यांचा अपवर्तनांक १.५२ च्या जवळ, कृमीचा मात्र जवळपास पाण्यासारखा. त्यामुळे खोल गेलं की चित्र बिघडतं. एएलएम (अंगाच्या मधली तशीच स्पर्श-चेतापेशी) किंवा पीएलएमच्या डाव्या-उजव्या जोडीतली काचेकडची पेशी घ्या, पलीकडची सोडा.

जिवंत कृमीची स्लाइड नेलपॉलिशनं बंद करू नका, त्यातले द्रावक आत झिरपतात. व्हॅसलीन, लॅनोलिन आणि पॅराफिन समान वजनानं वितळवून लावा.

आतड्यातले चमकणारे कण चेतापेशीचे ठिपके म्हणून मोजू नका. जीएफपी नसलेला कृमी शेजारी ठेवला की कळतं.

लाईट गेली आणि आली, तर लेझर अर्धा-पाऊण तास स्थिर होऊ द्या. मग आधी १०० नॅनोमीटरच्या चमकणाऱ्या मण्यांचा फोटो. फोकस वर-खाली केल्यावर मणी दोन्हीकडे सारखा दिसला तरच कृमीकडे वळा.