स्वमग्नतेवरील संशोधनासाठी अनुदान मागताना या चुका टाळा

स्वमग्नतेवरील संशोधनाचे प्रस्ताव तपासताना मला दरवर्षी एकच चूक सर्वाधिक दिसते, ती म्हणजे शेवटच्या रात्री उरकलेले अंदाजपत्रक. काही वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरांचा उत्तम प्रस्ताव मंजूर झाला. निदानासाठी त्यांनी एडॉस-२ ही चाचणी निवडली होती. तिचा संच परदेशी प्रकाशकाकडून विकत घ्यावा लागतो, प्रत्येक मुलामागे नवी नोंदपुस्तिका लागते आणि चाचणी घेणाऱ्याला रीतसर प्रशिक्षण द्यावे लागते. हा सगळा खर्च त्यांनी ‘किरकोळ’ या शीर्षाखाली गृहीत धरला होता. शीर्ष बदलण्याच्या परवानगीत आठ महिने गेले, तोवर क्षेत्र-सहायकांच्या नेमणुकीची मुदत संपली आणि ‘मुलाला कधी बोलावणार?’ असे विचारणाऱ्या आयांना देण्याजोगे उत्तर कोणाकडेच उरले नाही. ते फोन मी घेतले आहेत.

तेव्हापासून मी अंदाजपत्रक सर्वांत आधी लिहिते आणि तेही एका मुलाच्या एका दिवसापासून: गावाहून एसटीचे भाडे, सोबत आई आणि बहुधा धाकटे भावंड, दुपारचे जेवण, बुडालेली मजुरी, आणि हे सारे किमान दोन फेऱ्यांचे. त्याला मुलांच्या संख्येने गुणल्यावरच नमुना किती मोठा घेता येईल हे मला कळते.

परदेशी निधीबाबतची घाई तितकीच महागात पडते. स्वमग्नतेवरील संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेतील सायमन्स फाउंडेशनसारख्या संस्थेकडे अर्ज करण्याआधी आपल्या संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) नोंदणी चालू आहे का, हे पाहावे. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेच्या खात्यात पैसे घेऊन पुढे वळवण्याचा आडमार्ग मला आजही सुचवला जातो. या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने तो बंद केला आहे. आरोग्य संशोधनातील परदेशी सहकार्याला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते, म्हणून तिच्यासाठीचे महिने वेळापत्रकात आधीच धरावेत.



केवळ पालकांच्या सहीवर थांबू नये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी संमती घ्यावी लागते. न बोलणाऱ्या मुलासाठी मी चित्रांची पट्टी जोडते आणि त्याने हात झटकला किंवा तोंड फिरवले तर तो नकार मानला जाईल, असे प्रस्तावातच लिहिते.