तुलनात्मक लाभाचं गणित कुठे उलटतं? या चुका टाळा

दोन देश, दोन वस्तू, चार आकडे. तुलनात्मक लाभाचं, म्हणजे कोणत्या देशाला कोणती वस्तू बनवणं तुलनेने स्वस्त पडतं याचं, गणित एवढंच असतं, तरी परीक्षेत उत्तर नेमकं उलटं येतं. सिद्धांत बहुतेकांना पाठ असतो. घोळ होतो तो कशाला कशाने भागायचं इथे.

आकडे हा सिद्धांत मांडणारा इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो याचेच घेऊ. १८१७ च्या त्याच्या उदाहरणात ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं राबतात आणि ठरावीक वाइनसाठी १२०. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडाला ९० आणि तेवढ्याच वाइनला ८० माणसं पुरतात.

आकडा थेट आकड्याशी ताडणं

पोर्तुगाल दोन्हींत सरस, मग दोन्ही त्यानेच करावं, असं लिहून अनेक जण मोकळे होतात. हा झाला निरपेक्ष लाभ, म्हणजे तोच माल कमी श्रमात काढणं. विचारलेलं असतं वेगळंच: एक माप वाइन मिळवताना कापड किती सोडावं लागतं? इंग्लंडमध्ये १२० भागिले १००, म्हणजे १.२ माप. पोर्तुगालमध्ये ८० भागिले ९०, म्हणजे सुमारे ०.८९. वाइनचा संधी खर्च, म्हणजे तिच्यासाठी सोडावं लागणारं कापड, पोर्तुगालमध्ये कमी, म्हणून वाइन त्याची आणि कापड इंग्लंडचं. मापास माप अशी अदलाबदल झाली तर १०० माणसांच्या कापडावर इंग्लंडला १२० माणसांची वाइन मिळते. पोर्तुगालला ८० माणसांच्या वाइनवर ९० माणसांचं कापड मिळतं. २० माणसांचे श्रम इकडे वाचले, १० माणसांचे तिकडे. दोन्हींत मागे असलेल्या इंग्लंडची बचत इथे जास्त आहे, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे.

तक्ता कशाचा आहे हे न पाहणं

सर्वांत जास्त गुण इथे जातात. रिकार्डोचा तक्ता श्रमाचा आहे: एका मापाला किती माणसं. परीक्षेत पुष्कळदा तक्ता उत्पादनाचा येतो: तेवढ्याच श्रमात किती माल. समजा, एका दिवसात देश ‘क’ ६ टन धान्य किंवा ३ टन पोलाद काढतो आणि देश ‘ख’ ४ टन धान्य किंवा ४ टन पोलाद. श्रमाच्या तक्त्याच्या सवयीने विद्यार्थी पोलादाचा आकडा वर ठेवतो. ‘क’ साठी ३ भागिले ६ म्हणजे ०.५, ‘ख’ साठी १. निष्कर्ष: पोलाद ‘क’ ने करावं. साफ उलटं! ‘क’ ला ३ टन पोलादासाठी ६ टन धान्य सोडावं लागतं, म्हणजे टनामागे २ टन. ‘ख’ ला टनामागे एकच. पोलाद ‘ख’ चं.

वर काय, खाली काय हे सूत्र म्हणून घोकू नका, घोकलेलं ऐन वेळी उलटतं. त्याऐवजी वाक्य पूर्ण लिहा: ‘एक टन पोलाद मिळवायला अमुक टन धान्य सोडावं लागतं.’ चूक असेल तर ती वाचतानाच खटकते. ताळाही सोपा आहे. एकाच देशातल्या दोन संधी खर्चांचा गुणाकार १ यायला हवा (‘क’ मध्ये २ आणि ०.५). दोन्ही वस्तूंत तुलनात्मक लाभ एकाच देशाला दिसत असेल, तर पुढे जाऊ नका, आकडेमोड चुकलेली आहे. दोन्ही देशांचं गुणोत्तर सारखंच निघालं, तर मात्र लाभ कोणालाच नाही आणि तेच उत्तर लिहायचं.

विनिमय दराचं, म्हणजे एका वस्तूच्या बदल्यात दुसरी किती याचं, उत्तर दोन देशांच्या संधी खर्चांच्या बाहेर गेलं, तरी तीच शंका घ्या. रिकार्डोच्या आकड्यांत एका माप कापडाला सुमारे ०.८३ ते १.१२५ माप वाइन एवढाच पट्टा आहे. पोर्तुगालकडे १.२ मागितले, तर तो कापड घरीच विणेल.

सोडलेलं सगळं संधी खर्चात घालणं

संध्याकाळ अभ्यासात घालवली तर नोकरीचे तास, खेळ आणि झोप अशी बेरीज मांडणारे भेटतात. एका संध्याकाळी ही सगळी कामं होणारच नव्हती. मोजायचा तो सोडलेल्यांतला सर्वोत्तम पर्याय, तोही त्याचा स्वतःचा खर्च वजा करून. आधीच गेलेले आणि परत न मिळणारे पैसे यात येत नाहीत.

ही वजाबाकी भल्याभल्यांना चकवते. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या संमेलनात सुमारे २०० जणांना एक प्रश्न दिला. एरिक क्लॅप्टनच्या मैफलीचं फुकट तिकीट तुमच्या हातात आहे, ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलनची मैफल आहे: तिकीट ४० डॉलर, तुमची द्यायची तयारी ५० डॉलरपर्यंत. क्लॅप्टनला गेलात तर संधी खर्च किती? पर्याय ०, १०, ४० आणि ५०. डिलनकडून मिळणारं समाधान ५० चं, त्यासाठी मोजावे लागणारे ४०, म्हणून सोडलेला निव्वळ लाभ १०. हे उत्तर जेमतेम २२ टक्क्यांनी दिलं. डोळे मिटून खूण केली असती, तरी २५ टक्के बरोबर आले असते. प्रश्नाची रचनाच संदिग्ध आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला, तोही अगदीच फोल नाही. पण सोडलेल्या पर्यायाचा खर्च वजा करायचा राहतो, हे दुखणं खरं आहे.

निष्कर्ष ताणणं

‘म्हणून व्यापाराने प्रत्येकाचं भलं होतं’ हे वाक्य खोडा. सिद्धांत देशाच्या एकूण मिळकतीबद्दल बोलतो. देशाच्या आत कोणाचा तोटा होऊ शकतो, हे स्टॉल्पर आणि सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९४१ मध्ये दाखवलं: व्यापार खुला झाला की देशात जो उत्पादन घटक (श्रम, भांडवल किंवा जमीन) दुर्मिळ असतो, त्याचं खरं उत्पन्न घटू शकतं. तसंच ‘प्रत्येक देशाने एकच वस्तू करावी’ हेही ताणलेलं विधान आहे. उत्पादन वाढवत नेताना संधी खर्चही वाढत असेल, तर विशेषीकरण, म्हणजे एकाच वस्तूकडे वळणं, अर्ध्यावर थांबतं.

आणि गृहीतकं वाचायला विसरू नका. भांडवल सहजी देश ओलांडत नाही, असं रिकार्डोने धरलं होतं. ते मोकळेपणाने जाऊ शकलं असतं, तर वाइन आणि कापड दोन्ही पोर्तुगालमध्येच करणं फायद्याचं ठरलं असतं, हे त्यानेच नोंदवलं आहे. प्रश्नात भांडवल आणि श्रम दोन्ही मुक्तपणे फिरतात असं दिलं असेल, तर पहिल्या चुकीतलं उत्तर बरोबर ठरतं.