पावसाळ्याआधी छोट्या सेडानची तपासणी: पाणी आत येणारच, ते बाहेर कुठून जातं ते बघा

डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर. कुठलीही घ्या, लांबी चार मीटरला जेमतेम पाच-सात मिलिमीटर कमी. यामागे कर आहे. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कर कमी बसतो, म्हणून २०१२ साली डिझायरची डिकी आखूड करून ती ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली. बाकीच्या कंपन्यांनीही तोच रस्ता धरला. किंमत आवाक्यात राहिली, घरातली पाच माणसं मावली, वर डिकी मिळाली. अशा गाडीचा मालक इंजिन ऑइल वेळेवर बदलतो. पाण्याच्या वाटांकडे मात्र त्याचं सहसा लक्ष नसतं.

कुठलीही कार पूर्ण जलरोधक नसते. दारांत, काचेच्या पायथ्याशी पाणी शिरणार हे धरूनच ती बनवलेली असते आणि ते निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की मॅट भिजते, वास येतो, पत्रा आतून गंजतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातला एक रविवार यासाठी पुरतो. जवळ ठेवा: टॉर्च, हवा मोजायचं गेज, दहा नंबरचा पाना, जुना टूथब्रश, दोन-तीन केबल टाय, खडू, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली आणि पाण्याची एक लिटरची बाटली.

१. काचेच्या पायथ्यापासून सुरुवात करा

वायपरच्या दांड्या जिथून निघतात त्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीला गॅरेजात काउल म्हणतात. बॉनेट उघडून तिच्या दोन्ही टोकांना टॉर्च मारा. गाडी गुलमोहराखाली किंवा कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर तिथे पानांचा लगदा सापडेलच. तो हाताने काढा. पाण्याचा जोरदार फवारा मारून आत ढकलू नका, तो भोकातच जाऊन बसतो. मग दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. ते लगेच पुढच्या चाकांच्या आसपास खाली पडलं पाहिजे. साचलं तर मोठ्या पावसात तेच पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येणार.

ड्रायव्हरशेजारची मॅट भिजते ही या गाड्यांची नेहमीची तक्रार. त्यावर सरसकट सगळी रबरं बदलून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी मॅट कधी भिजते ते बघा.

फक्त पावसात भिजत असेल तर काउल किंवा दार. पाऊस नसताना, एसी तासभर चालवल्यावर भिजत असेल तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली आहे. एसी लावून गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की दमट हवेत खाली थेंब पडायला हवेत. ते पडत नसतील तर गाडी रॅम्पवर घेऊन नळी खालच्या टोकाने साफ करून घ्या. काम दहा मिनिटांचं आहे. तिसरी शक्यता महागडी: पाणी चिकट, गोडसर वासाचं, काचेवर आतून तेलकट थर, आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) डब्यातली पातळी हळूहळू खाली. मग हीटरचा कोअर, म्हणजे ज्यातून गरम कूलंट फिरतं ती जाळी, गळतोय. त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागू शकतो, म्हणून खात्री झाल्याशिवाय गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका.

२. दारं

काचेवरून ओघळणारं पाणी रबराच्या पट्टीतून दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या कडेच्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं. दार हलवल्यावर आतून डचमळल्याचा आवाज आला तर भोकं बुजली आहेत. केबल टायचं टोक आत घालून फिरवा. लोखंडी तार नको, रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. गाडीला खालून अँटी-रस्ट कोटिंग केलं असेल तर ही भोकं जरूर बघा, फवारणारा पोरगा ती हमखास बंद करून टाकतो.

बाहेरून स्पीकर बसवून घेतले असतील तर आणखी एक जागा आहे. दाराच्या आतल्या फळीमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडून वायर ओढली की पाणी दाराच्या भोकाकडे न जाता थेट पायाखाली येतं. कागद ब्यूटाइल टेपने (पाणी न सोडणाऱ्या चिकट रबरी पट्टीने) पुन्हा चिकटवून घ्या.

३. डिकी

हॅचबॅकपेक्षा सेडानमध्ये इथे जास्त वेळ द्यावा लागतो, कारण डिकी बंद पेटीसारखी असते आणि पाणी साचलं तरी सीटवर बसून कळत नाही. मॅट काढा, फळी उचला, स्टेपनी बाहेर घ्या. खालच्या खळग्यात पाणी, गंज किंवा मातीची रेघ दिसली तर गळती आहे. संशयित तीन: मागच्या दिव्यांमागचं गॅस्केट, डिकीच्या तोंडाची रबर बीडिंग आणि पत्र्याच्या सांध्यांवरचं सीलंट. मागून लहानशी धडक बसून दुरुस्ती झालेल्या गाडीत सीलंट बहुधा नीट भरलेलं नसतं.

शोधायची युक्ती सोपी आहे. आतला भाग कोरडा पुसून दिव्यांभोवती आणि सांध्यांवर खडूची पूड लावा. डिकी बंद करून नळीने खालून वर असं टप्प्याटप्प्याने पाणी सोडा, प्रत्येक टप्प्याला पाच मिनिटं, आणि दरवेळी उघडून बघा. पूड जिथे भिजली ती जागा. वरूनच पाणी सोडलं तर सगळीकडे ओघळ येतात आणि मूळ जागा कळत नाही. खळग्याच्या तळाला रबरी बूच असेल तर ते काढून पाणी सोडता येतं. परत बसवायला विसरू नका, नाहीतर रस्त्यावरचा चिखल त्याच वाटेने वर येईल.

स्टेपनी बाहेर आहेच तर तिची हवा बघा. महागड्या व्हेरियंटमध्ये स्टेपनी बऱ्याचदा चालू चाकांपेक्षा लहान मापाची असते आणि तिच्यावर वेगमर्यादेचं स्टिकर असतं. ती पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती.

सीएनजी गाडीत सिलिंडरचे पट्टे आणि बोल्ट गंजलेत का पाहा. टिगोरमध्ये दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली असल्याने सामानाला जागा उरते, पण तपासणी सगळ्यांना सारखीच: सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, दर तीन वर्षांनी. पाटीवरची तारीख आत्ताच वाचून ठेवा.

४. टायर आणि काचा

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरखाली गेली की टायर कायद्यानेही बाद. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली म्हणजे ती मर्यादा आली. पावसात मात्र तिथवर थांबू नका. तीन मिलिमीटर उरले की खाचा पाणी बाहेर फेकण्यात कमी पडू लागतात. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या कडेला असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. हवा गाडी थंड असताना भरा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे. त्यात पूर्ण भाराचा आकडा बहुतेक वेळा वेगळा असतो. गणपतीला पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन कोकणात उतरताना तोच पाळा, आणि हेडलाइटची उंची कमी करायचं चाक असेल तर ते फिरवा. मागून बसलेली सेडान समोरच्याच्या डोळ्यांत दिवे मारते.

वायपरचं रबर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात एका उन्हाळ्यातच कडक होतं. ते दरवर्षी बदला, उजवा-डावा मापाने वेगळा असतो. सेडानच्या मागच्या काचेला वायपर नसतो, तिथे डीफॉगरवरच, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या बारीक तारांवरच भिस्त. त्या काचेवर आतून फडकं तारांच्या दिशेने फिरवा, तारा ओलांडून घासलं तर तार तुटते. पुढची काच आतून धुकटली तर एसी लावून हवा बाहेरून घ्या. आतलीच हवा फिरवत राहिलात तर पाच जणांचा श्वास काचेवरच बसतो.

५. बॅटरी

टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर असेल तर गाडी बंद करून आधी निगेटिव्ह वायर सोडा, जोडताना ती शेवटी. कोमट पाण्यात सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, जेलीचा पातळ हात द्या. नव्या गाड्यांत निगेटिव्हला छोटा सेन्सर असतो, तो ओढू नका की ठोकू नका. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ दाखवत असेल तर चार्ज करून पुन्हा मोजा, दोन दिवसांत परत उतरली तर तिच्या भरवशावर पावसाळा काढू नका.

६. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर

या गाड्यांचं पोट रस्त्यापासून साधारण १६० ते १७० मिलिमीटर वर असतं. चाकाच्या मधोमध पाणी आलं तर मागे फिरा. पुढची बस गेली हा पुरावा नव्हे, उलट तिची लाट तुमच्या बॉनेटवर येते. इंजिनात हवा बॉनेटच्या पुढच्या भागातून जाते. तिथून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, एकदाही नाही. इंजिन बंदच ठेवा, ढकलून बाजूला घ्या, टो करून न्या. साध्या सर्वसमावेशक विम्यात पाण्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि तिथेही सेल्फ मारल्याची खूण आडवी येऊ शकते. पॉलिसी जूनमध्ये संपत असेल तर हे कलम आहे का ते नूतनीकरणाआधी वाचा.

पाणी केबिनमध्ये शिरलं असेल तर वरची मॅट वाळवून भागत नाही. खालच्या गालिच्याखाली जाड फोम असतो, तो आठवडाभर ओला राहतो. सीट काढून गालिचा उचलावा लागतो, आणि शक्य तितक्या लवकर, कारण बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे जोड त्याच फोमखालून जातात.