दहावीचं वर्ष आणि पियानो: तयारीची यादी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. ‘बोर्ड म्हणजे मार्च’ हा हिशेब आता चालत नाही. राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा 2024 मध्ये 1 मार्चला सुरू झाली होती, 2025 मध्ये 21 फेब्रुवारीला. सीबीएसईची त्या वर्षी 15 फेब्रुवारीलाच. त्याआधी शाळेची पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिकं, तोंडी. म्हणून पियानोला सैल वेळ दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच आहे असं धरा. जो नवीन पीस, म्हणजे वाजवायची रचना, बसवायचा तो तोवर बसवा. डिसेंबरपासून नवीन काही उचलायचं नाही, क्लासमधून कितीही आग्रह झाला तरी.

ग्रेड, म्हणजे पियानोची पायरीपायरीने होणारी परीक्षा, द्यायची की नाही, हे जूनमध्येच ठरवा, कारण अर्ज परीक्षेच्या बरेच आधी बंद होतात. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये 150 पैकी 90 गुण तीन पीसना, 21 स्केल्सना (सुरांचे क्रमाने चढ-उतार), 21 साइट रीडिंगला (आधी न पाहिलेलं नोटेशन वाचून वाजवणं) आणि 18 ऑरलला (कानाची परीक्षा) असतात. पास व्हायला 100 लागतात. पूर्ण गुण एरवीही मिळत नाहीत, त्यामुळे ‘वेळ नाही, नुसते पीस करू’ म्हणणाऱ्यांची नाव इथेच बुडते. दुसरी वाट परफॉर्मन्स ग्रेडची: चार पीस, मध्ये न थांबता एका दमात रेकॉर्ड करून पाठवायचे, स्केल्स आणि साइट रीडिंग नाही. दहावीच्या वर्षी ग्रेड द्यायचीच असेल तर आमचं मत या वाटेला, तेही दिवाळीच्या आत. ग्रेड 6 किंवा त्यापुढची द्यायची तर साधारणपणे आधी ग्रेड 5 थिअरी, म्हणजे संगीताच्या नियमांची परीक्षा, लागते. ती नववीच्या उन्हाळी सुट्टीत उरकलेली बरी.

रोजचा सराव 25 मिनिटांवर आणा, पण बंद करू नका. दोन महिने हात उचलून घेतला की आधी जातात त्या डाव्या हाताच्या उड्या आणि वेगवान जागा. बोटांचे क्रमही विसरतात आणि हात स्वतःच नवे, चुकीचे क्रम शोधून काढतो. म्हणून अवघड जागी बोटांचे आकडे आताच पेन्सिलीने लिहून ठेवा. 25 मिनिटांची वाटणी अशी: 5 मिनिटं दोन स्केल्स, मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र) लावून, दोन्ही हातांनी, 12 मिनिटं पीस, 5 मिनिटं साइट रीडिंग, उरलेली 3 मिनिटं ऑरलची, सूर ऐकून गुणगुणायची. ऑरलला वाद्यही लागत नाही, शाळेच्या बसमध्ये इअरफोनवर होतं. साइट रीडिंगला परीक्षेत बघायला अर्धा मिनिटच मिळतो, तेव्हा घरीही तेवढाच घ्या: आधी की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीच्या, पट्टी सांगणाऱ्या खुणा), मग ताल, मग सर्वांत अवघड दिसणारी जागा. वाजवायला लागल्यावर चूक झाली तरी मागे फिरायचं नाही.

पीसची गोची वेगळी असते. रोज पहिल्या ओळीपासून सुरुवात केली की पहिलं पान चकाचक होतं आणि शेवटचं पान कच्चं राहतं. पीसचे चार-पाच भाग पाडून अ, ब, क, ड अशा खुणा करा आणि आज ड पासून, उद्या क पासून सुरू करा. अडखळणारे सांधे दोन भागांच्या मधले असतात, त्यामुळे आधीच्या भागाचे शेवटचे दोन बार (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधले तालाचे भाग) जोडूनच वाजवा. वेग पूर्ण वेगाच्या दोनतृतीयांश ठेवा. पूर्ण पीस पूर्ण वेगात आठवड्यातून एकदाच, रविवारी.

टायमर मात्र लावाच. ‘अजून एकदा’ म्हणता म्हणता 25 ची 50 मिनिटं होतात, आणि भूमिती टाळायला पियानोसारखं सभ्य निमित्त दुसरं नाही, कारण घरात कोणी रागावत नाही. वेळ शाळेतून आल्यावरची किंवा दोन विषयांच्या मधली. रात्री दहाला दमलेल्या डोक्याने वाजवलं तर चुकाच पाठ होतात.

तीन तासांचा सराव पेपर लिहिला त्या दिवशी अर्धा तास तरी हाताला विश्रांती द्या आणि ऑक्टेव्हच्या (हात ताणून एक सप्तक एकदम वाजवायच्या), जोर लागणाऱ्या जागा टाळा. लिहिताना आणि वाजवताना कोपराखालचे तेच स्नायू दमतात. मुंग्या आल्या किंवा मनगट दुखलं की त्या दिवसापुरतं वाजवणं संपलं.

ठाण्या-नवी मुंबईतल्या इमारतींत आणखी एक अडचण असते. हेडफोन लावला तरी पट्ट्यांचा धप-धप आवाज स्टँडमधून खालच्या मजल्यावर जातो. स्टँडखाली जाड रबरी मॅट घाला. बऱ्याच डिजिटल पियानोंना 6.35 मिमीचं मोठं जॅक असतं, मोबाइलचा हेडफोन थेट बसत नाही. अ‍ॅडॉप्टर आधीच आणून ठेवा. आवाज अगदी बारीक ठेवून वाजवू नका, ऐकू येत नाही म्हणून बोटं आपटायला लागतात. क्लास घोडबंदर रोडच्या पलीकडे असेल तर एका तासाच्या धड्यासाठी दोन तास वाहतुकीत जातात. जानेवारीपासून तो पंधरवड्यातून एकदा किंवा ऑनलाइन करा. कॅमेरा बाजूने, मनगट आणि कोपर दोन्ही दिसतील असा लावा.

परीक्षा सुरू झाल्यावर सकाळी पियानो नको; मंडळाचा पेपर अकराला असतो आणि केंद्रावर साडेदहाला पोहोचायचं असतं. संध्याकाळी दहा मिनिटं सावकाश स्केल्स, आणि चांगला बसलेला एखादा पीस शेवटपर्यंत. अर्धवट सोडलेली जागा रात्री अभ्यास करताना डोक्यात घोळत राहते. शेवटचा पेपर झाला की पोरं पहिल्याच दिवशी तीन तास बसतात आणि आठवड्यात हात धरून बसतात. पहिले चार दिवस अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, एकेक हात वेगळा, मग दर तीन दिवसांनी दहा मिनिटं वाढवा.