काजू युनिटातलं तेल: पंपाचं वेगळं, बेअरिंगचं वेगळं

गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या काजू युनिटांत पॅकिंगचा व्हॅक्यूम पंप आणि तेलात चालणारी बेअरिंग्ज, दोन्हींची देखभाल बहुधा एकाच माणसाकडे असते. तेलाचे डबे मात्र दोन हवेत.

बेअरिंगसाठी तेलाचा जाडपणा बघा. डब्यावरचा आयएसओ व्हीजी आकडा हा ४० अंश सेल्सिअसचा जाडपणा, सेंटीस्टोक या एककात. तापलं की तेल पातळ होतं. समजा ६२१० नंबरचं बेअरिंग १५०० आरपीएमवर, ७० अंशांत चालतंय. त्या तापमानाला किमान १४ सेंटीस्टोक लागतात. साधं खनिज व्हीजी ३२ तिथे कमी पडतं, ४६ जेमतेम पुरतं, ६८ सुमारे २० देतं. तेच घ्या. उगाच जाड तेल घातलं तर ते घुसळूनच बेअरिंग तापतं. मशीन बंद असताना तेल सर्वांत खालच्या बॉलच्या मध्यापर्यंत असावं.

पंपाचं गणित निराळं. तिथे तेलाची स्वतःची वाफ होता कामा नये, म्हणून व्हॅक्यूम पंपाचंच तेल हवं. ग्रेड पंपाच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. काजूसाठी खाद्य उद्योगातलं एच१ दर्जाचं, म्हणजे चुकून अन्नाला जरासं लागलं तरी चालेल असं, मिळालं तर उत्तम. इंजिन ऑइल अजिबात नको: त्यातले हलके घटक उडतात, व्हॅक्यूम खेचत नाही, आणि त्यातलं डिटर्जंट पाणी तेलातच धरून ठेवतं.

गोव्याच्या पावसाळ्यात खरा शत्रू हे पाणीच. थंड पंपात दमट हवा दाबली गेली की वाफेचं पाणी होतं आणि पंपावरच्या तेलपातळीच्या काचेतून तेल दुधाळ दिसू लागतं. त्यासाठी सकाळी काम सुरू करण्याआधी इनलेट (हवा खेचायचं तोंड) बंद करून, गॅस बॅलास्ट (पंपात थोडी बाहेरची हवा सोडून वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) उघडून पंप २०-३० मिनिटं चालवा. संध्याकाळी बंद करण्याआधी पुन्हा तेच. ओल्या तेलावर रात्रभर उभा राहिलेला पंप आतून गंजतो. तासाभरानेही तेल निवळलं नाही, तर बदला.

बदलताना पंप गरम असतानाच, हात सांभाळून, ड्रेन प्लग काढा. आत रॉकेल-डिझेलने धुऊ नका, उरलेला अंश पुढे व्हॅक्यूम बिघडवतो. भरायचंय तेच नवं तेल थोडं आत फिरवून काढून टाका, मग काचेवरच्या दोन खुणांच्या मध्यापर्यंत भरा. वर गेलं तर एक्झॉस्टमधून तेलाचा धूर येतो, फिल्टर तुंबतो. खनिज आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळू नका.